पुढचा भोई

ही गोष्ट मी कुणाला सांगायची नाही, असं ठरलं होतं. बाबांनी ती मला दुपारी सांगितली, आणि बाबा दुपारी घरी असतात हे सध्या कुणाला कळू द्यायचं नाही. पण गोष्टीत आमचं घर कुठेच येत नाही, म्हणून सांगते.

एका गावात एक भोई होता. त्याचं नाव येसबा. गाव घाटाच्या पायथ्याशी होतं आणि गावच्या इनामदारांकडे एक मेणा होता. इनामदारांच्या आईसाहेबांना माहेरी किंवा लग्नकार्याला जायचं झालं, की चार भोई तो मेणा खांद्यावर घेत. दोघे पुढे, दोघे मागे. येसबा पुढच्या दोघांतला.

मागच्या भोयांना वाट दिसत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर मेण्याची पाठ असते. म्हणून पुढच्याने चालता चालता वाट सांगायची, अशी त्यांची रीत होती. “डावीकडं गोटा,” येसबा म्हणायचा. “निसरडं हाय.” “फांदी आली, वाका.” प्रत्येक हाकेला मागून उत्तर यायचं, “ध्यानी.” म्हणजे ऐकलं, ध्यानात आलं. उत्तर आलं नाही, तर येसबा पुढचं पाऊल टाकत नसे.

ही सवय त्याच्या इतकी अंगात मुरली, की तो एकटा विहिरीवर निघाला तरी तोंडातून “पायरी” निघून जायचं. त्याची बायको म्हाळसा हसायची आणि घरातूनच म्हणायची, “ध्यानी.”

मग घाटाचा रस्ता रुंद झाला. त्यावरून गाड्या जाऊ लागल्या. इनामदारांनी घोडागाडी घेतली. आईसाहेबांनी मेण्यावरून एकदा हात फिरवला आणि गाडीत जाऊन बसल्या. गाडीत पाठ दुखत नाही, असं त्यांनी परत आल्यावर सांगितलं, आणि ते खरंच होतं.

इनामदार वाईट माणूस नव्हते. त्यांनी चौघा भोयांना जेवू घातलं, नवी धोतरं दिली. पण येसबाचं घर चाकरीचं होतं. आता तिथे घोड्याची निगा राखणारा माणूस राहायला येणार होता. दिवाळीपर्यंत दुसरं छप्पर बघ, असं त्यांनी येसबाला सांगितलं.

चौघांपैकी दोघे नदीवर मासे धरू लागले. मागच्या बाजूचा रखमाजी घाटापलीकडे काम शोधायला गेला, त्याचं पुढे काय झालं ते कळलं नाही. येसबाही काम शोधायला निघाला. जिथे जाई तिथे लोक विचारत, काय येतं तुला? तो म्हणे, मेणा उचलता येतो. लोक विचारत, आणि? या ‘आणि’पाशी येसबाचं बोलणं संपायचं.

शेवटी एका लाकडाच्या वखारीत त्याला ओंडके वाहायला घेतलं. एक ओंडका, दोन माणसं. येसबा पुढे लागला आणि लागल्याबरोबर सुरू झाला, “गोटा.” “उंबरा.” “चिखल हाय.” मागच्या गड्याला सगळं स्वच्छ दिसत होतं. थोडा वेळ त्याने सोसलं, मग म्हणाला, “येसबा, ओंडक्यात कोण बसलंय? आईसाहेब?”

सगळी वखार हसली. त्यानंतर येसबाने तोंड उघडलं की कुणीतरी ओंडक्याला मुजरा करायचं. हसण्यात कामं राहू लागली, तेव्हा मालकाने येसबाला बोलावून सांगितलं, की खांदा तुझा चांगला आहे, पण तू फार बोलतोस. येसबा घरी आला.

या वेळी म्हाळसा हसली नाही. ती कोपऱ्यात निजलेल्या मुलीकडे बघत म्हणाली, “आता कुठं काम लागलं तर तोंड मिटून करा. पोरीला घेऊन दुसऱ्याच्या पडवीत नाही राहायचं मला.”

गावात गुणशेट नावाचा व्यापारी होता. त्याच्या मिठाच्या गाड्या दर बाजाराला घाट चढून वरच्या गावी जात. पावसाने नवा रस्ता जागोजाग खचला होता. गाड्यांपुढे चालून रस्ता पारखणारा माणूस त्याला हवा होता. येसबाने सगळा घाट पायाखाली घातला आहे हे त्याला माहीत होतं. चार बाजार नीट पार पडले, तर माझ्या मिठाच्या वखारीमागची खोली राहायला देईन, असं तो म्हणाला. मात्र त्याने एक अट घातली. हाक मारायची नाही. हाताने खूण करायची, ती माझे गाडीवान बघतील.

“तो दुसरा मीठवाला, मल्लाप्पा, मुद्दाम आपल्या गाड्या माझ्यामागं लावतो,” गुणशेटने कारण सांगितलं. “माझ्या माणसाच्या डोळ्यांनी फुकट घाट चढतो, आणि बाजारात माझ्याच शेजारी मीठ मांडून बसतो.”

येसबाला हे गैर वाटलं नाही. त्याने मान डोलावली. संध्याकाळी म्हाळसा ती खोली बघून आली. खिडकी लहान आहे, पण चूल पूर्वेच्या कोपऱ्यात छान बसेल, असं तिने दोनदा सांगितलं.

पहिले तीन बाजार सरळ गेले. येसबा तोंड मिटून चालायचा आणि हात करायचा. शेवटच्या बाजारी मात्र पहाटे पाऊस पडून गेला होता आणि घाटात दाट धुकं होतं. गाडीवान त्याचे हात दिसावेत म्हणून बैल अगदी त्याच्या पाठीशी आणून चालवत होते. वरच्या वळणावर येसबाचं पाऊल दरीकडच्या कडेवर पडलं आणि तो थबकला. वरून रस्ता साबूत दिसत होता. तळव्याला मात्र तो पोकळ लागला, रिकाम्या माठावर टिचकी मारावी तसा. त्याने दोन्ही हात डोंगराकडे केले. गुणशेटच्या गाड्या डोंगराला घासत, एकामागून एक पार झाल्या.

तेवढ्यात खालच्या वळणावरून घुंगरं ऐकू आली. मल्लाप्पाच्या गाड्या येत होत्या. धुक्यात दिसत काहीच नव्हतं.

“शेट, कड पोकळ हाय,” येसबा शेवटच्या गाडीवर बसलेल्या गुणशेटला हळू आवाजात म्हणाला.

“आपल्या गाड्या आल्या ना?”

“मागं माणसं हायेत.”

“ती माझी नाहीत,” गुणशेट म्हणाला. “आणि तुझीही नाहीत. खोलीचं ध्यानात आहे ना? चल.”

येसबा चालू लागला. त्याला ती खोली दिसत होती, तिची लहान खिडकी दिसत होती. मागची घुंगरं जवळ येत होती. इतकी वर्षं मेणा वाहिला, पण मागे कोण आहे हे त्याने कधी वळून पाहिलं नव्हतं. मेण्यामुळे दिसायचंच नाही. मागे कुणीतरी आहे, एवढंच त्याला माहीत असायचं, आणि हाक द्यायला तेवढं पुरायचं.

तो थांबला. वळला. छातीत होता नव्हता तेवढा आवाज काढून त्याने हाक दिली.

“दरीकडं पोकळ. डोंगराला धरून या.”

घुंगरं थांबली. झाडांवरून पाणी ठिबकण्याचा तेवढा आवाज येत राहिला. मग धुक्यातून उत्तर आलं.

“ध्यानी.”

तो रखमाजी होता. मल्लाप्पाच्या पहिल्या गाडीवर त्याला नुकतंच काम मिळालं होतं. दुसऱ्या कुणाला ही गुणशेटची चाल वाटली असती, आपल्याला मागे ठेवायची. रखमाजीने आवाज ओळखला आणि काही न विचारता बैल डोंगराकडे ओढले. त्याच्यामागून बाकीच्या गाड्या आल्या. शेवटची पार झाली आणि रस्त्याची कड सुटून दरीत उतरली. दगड खाली पोचल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला.

बाजार उठल्यावर गुणशेटने सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस, मी आधी बोललो होतो.

“बोलला होता, शेट,” येसबा म्हणाला, आणि एकटाच घाट उतरला.

घरी त्याने सगळं सांगितलं. म्हाळसाने विचारलं, “मागं रखमाजी हाय हे ठाऊक होतं तुम्हांला?”

“नव्हतं.”

“मग बरं केलंत,” ती म्हणाली, आणि उठून एकेक भांडं गोणपाटात बांधायला लागली.

पुढच्या बाजारी घाटाच्या पायथ्याशी गाड्या उभ्याच राहिल्या. गुणशेटच्या गाडीवानांनी बैल जुंपले नाहीत. नवा माणूस पुढे उभा होता, तरीही. त्यांच्यातला सर्वांत म्हातारा गाडीवान गुणशेटला म्हणाला, “शेट, हा माणूस तुमचा हाय. उद्या आमच्यावरची तुमची मर्जी फिरली, तर हा गप बसंल. येसबा अनोळखी माणसालाबी खड्डा सांगतो. आम्ही त्याच्यामागं जाऊ.”

मागून मल्लाप्पाचे गाडीवान आले. त्यांचंही म्हणणं तेच पडलं. मग दोन्हीकडच्या गाडीवानांनी मिळून ठरवलं, की येसबाने सगळ्यांच्या पुढे चालायचं आणि मोठ्याने हाक द्यायची. प्रत्येकाने त्याला खेपेमागे आपापल्या परीने धान्य द्यायचं. असलं काम त्या घाटात आजवर कुणी केलं नव्हतं, त्यामुळे त्याला काय म्हणावं हेही कुणाला कळेना. पायथ्याच्या नाक्यापाशी त्यांनी येसबाला दोन खणांची खोपी बांधून दिली. चूल पूर्वेच्या कोपऱ्यात बसली.

पुढे एकदा पुन्हा धुकं पडलं, तेव्हा गुणशेट खोपीपाशी आला. बैलांकडे बघत त्याने विचारलं, “माझ्या गाड्यांनाही हाक देशील ना?”

“मागं असाल तर ऐकू येईलच, शेट,” येसबा म्हणाला.

कधी एखादा वाटसरू येसबाला विचारायचा, काय काम करतोस बाबा? येसबा सवयीने सुरुवात करायचा, मी मेणा... मग थांबायचा, आणि म्हणायचा, “मी पुढं चालतो.”

तात्पर्य: हातातलं काम जाऊ शकतं, पण त्या कामाने लावलेली चांगली सवय आपलीच राहते. ती गहाण टाकून मिळणारी नोकरी घेऊ नये. ती धरून ठेवली, तर ज्याला अजून नावही नाही असं कामसुद्धा आपल्याला शोधत येतं.

हे बाबांनी सांगितलेलं तात्पर्य. मला त्यात आणखी एक घालावंसं वाटतं, ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. ते असं, की माणूस पुढे चालून काम शोधत असतो, तेव्हा त्याच्या मागे चालणाऱ्यांनीही... बाबा जिन्यातून हाक मारताहेत. खाली पाणी सांडलंय, पायरी निसरडी आहे, बघून ये म्हणताहेत. थांबा, आधी त्यांना उत्तर देते. “ध्यानी, बाबा!”