पंधरापर्यंतचे आकडे

त्या दिवशी ऊन होतं, पण ऊब नव्हती. पौषातला वारा बुरूडआळीतून असा कोरडा वाहत होता, की वाळत घातलेल्या कामट्या आपसूक तडकत होत्या.

“मग चूक कुठं झाली, अण्णा?” कौस्तुभनं विचारलं.

सटवाजी आपल्या ओट्यावर सूप विणत होता. त्यानं मान वर केली नाही.

“कशात?”

“छपरात. वाचनालयाच्या.”

“तू सांग. शिकलेला तू.”

कौस्तुभ आर्किटेक्ट. पण त्याचं मूळ शिक्षण म्हणाल तर ह्याच ओट्यावरचं. त्याच्या आणि सटवाजीच्या घरांत एकच भिंत. शाळा सुटली की पोरगा दप्तरासकट इथं येऊन बसायचा. बांबू कसा चिरायचा, किती वाकतो, कुठं मोडतो, सारं सटवाजीनं त्याच्या हाताला शिकवलं.

पुढं तो शहरात गेला. कॉम्प्युटरला हुकूम लिहायला शिकला, आणि त्या हुकुमांतून त्यानं तालुक्याच्या वाचनालयाचं छप्पर आखलं. लाटेमागून लाट यावी तसं. बाराशे चाळीस बांबू, आणि एकासारखा दुसरा नाही. लोक लांबून बघायला यायचे. बक्षीसही मिळालं.

आता दीड वर्षानं त्या छपरातून पीठ गळत होतं. बांबूला भुंगा लागला होता. वाचणारी माणसं पान उलटण्याआधी पुस्तकावर फुंकर मारायची.

कौस्तुभनं लॅपटॉप उघडून ओट्यावर ठेवला.

“गणितात चूक नाही, अण्णा. तीनदा तपासलं. हे बघा.”

पडद्यावर छप्पर फिरू लागलं. सटवाजीनं सूप बाजूला सारलं, डोळे बारीक केले.

“हे कोण वाकवतंय?”

“सूत्र. हा एक आकडा वाढवला की... बघा.”

लाट उसळली. सगळे बांबू सरकले.

“अगं आई...” म्हातारा मनापासून हसला. “एकानं अंग हलवलं की बाकीचे जागा करून देतात होय रे?”

“हो.”

“आणि एखादा काढून टाकला तर?”

“बाकीचे भार वाटून घेतात. छप्पर पडत नाही.”

“चांगलं आहे... फार चांगलं आहे.”

कौतुक खरं होतं. म्हणूनच कौस्तुभला ते सोसवेना.

“बांबू तोडायच्या वेळी तुम्ही थांब म्हणाला होतात,” तो म्हणाला.

“म्हणालो होतो. शुद्ध पक्षात बांबूत गोडी असते, भुंगा तीच खातो. वद्य लागू दे म्हटलं. अकरा दिवस मागितले होते.”

“उद्घाटनाची तारीख ठरली होती, अण्णा.”

“हं.”

“मी म्हटलं होतं... प्रोग्राममध्ये तिथी बसत नाही.”

“का रे? पंधरापर्यंतचेच तर आकडे.”

कौस्तुभ एकदम उसळला.

“पण तोडले तुम्हीच ना! नाही म्हणायचं होतंत!”

“तुझं पहिलं काम. त्याला नाही कसं म्हणू?”

कौस्तुभनं पिशवीत हात घातला. एक छापलेला कागद काढला.

“वाचनालयाच्या कमिटीला लेखी कारण पाहिजे. शहरातल्या नाट्यगृहाचं काम माझ्याकडे आलंय. चूक माझी ठरली तर ते गेलं. मग मला कुणी दारात उभं करणार नाही, अण्णा.”

“काय लिहिलंय त्यात?”

“की... बांबू पुरवणाऱ्यानं खराब माल दिला.”

“म्हणजे मी.”

“नाव घालावं लागलं. पण तुमचं आता काय... वय झालं. सुपं-टोपल्या घेणाऱ्या बायका काय कमिटीचे कागद वाचायला जाणार आहेत?”

“तेही खरं.”

साठ वर्षांत ह्या ओट्यावर कुणी बांबू परत आणून टाकला नव्हता. दोघांनाही ते ठाऊक होतं.

“अंगठा कुठं करू?” सटवाजीनं विचारलं.

कौस्तुभनं शाईचा पॅडही आणला होता. तयारीत तो कधी कमी पडायचा नाही.

सटवाजीनं अंगठा टेकवला. नीट उमटावा म्हणून जरा दाबून धरला.

“वाचून दाखवू, अण्णा?”

“कशाला? लिहिणारा तू आहेस.”

कौस्तुभनं कागद उचलला. आणि त्याचं लक्ष अंगठ्याकडे गेलं...

रेषाच नव्हत्या. साठ वर्षं कामट्या सोलून त्या झिजून गेल्या होत्या. कागदावर नुसता एक काळा डाग होता. कुणाचाही असावा असा.

त्यानं त्या डागावरून बोट फिरवलं.

“नाही होणार माझ्याच्यानं,” तो म्हणाला, आणि त्यानं कागद फाडला. उभा फाडला, आडवा फाडला. वाऱ्यानं तुकडे आळीभर नेले.

“फाडला, अण्णा... बघा, फाडला.”

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आता म्हातारा पाठीवर हात ठेवेल म्हणून तो मान खाली घालून थांबला.

सटवाजीनं सूप परत मांडीवर घेतलं. एक कामटी ओवली. दुसरी ओवली. मग उघड्या लॅपटॉपकडे बोट केलं.

“कागद फाडलास,” तो म्हणाला. “ह्यात तो आहेच ना अजून?”