हैबतीनं हाकललेल्या तिघी बहिणी

एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याला एका गावात दोघं भाऊ राहायचे. धाकट्याचं नाव हैबती. थोरल्याला तो दादा म्हणायचा. आईबाप लहानपणीच गेलेले, तेव्हा हैबतीला वाढवलं ते दादानं आणि अनसूया वहिनीनं. शेजारी शेजारी दोघांची दोन शेतं. आणि एका चैत्रात, ऐन दुपारी, दादा नांगर धरल्या धरल्या उन्हात कोसळला. तो काही उठला नाही.

तेरावा झाला. मग हैबती म्हणाला, "वहिनी, दादाचं शेत मी पडीक राहू देणार नाही. दोन्ही शेतं मीच नांगरीन. पावसाच्या आत."

वहिनी म्हणाली, "एकट्या माणसाचं काम आहे का हे, हैबा?"

हैबती उठला आणि बैल घेऊन गेला.

आता त्या काळी कसं होतं बरं का, माणसाच्या सोबतीला तिघी बहिणी असायच्या. थोरली तहान, मधली भूक आणि धाकटी झोप. चांगल्या दिसायच्या, बोलायच्या. माणूस जिथं जाईल तिथं मागं मागं जायच्या.

हैबती नांगरायला लागला, तशी तहान बांधावर आली. "हैबती, पाणी पी."

"हे एवढं नांगराचं तास संपू दे."

एक तास संपलं, दुसरं संपलं. ती परत म्हणाली, "अरे, पाणी पी." तिसऱ्यांदा तिनं त्याची बाही धरली. मग हैबती चिडला. त्यानं भुईवरचं ढेकूळ उचललं आणि तिला मारलं. कपाळाला खोक पडली. तहान रडत रडत निघून गेली.

मग भूक आली. "बैस, भाकरी खा." हा आपला उभ्या उभ्या घास कोंबायचा, तोही अर्धा. दोन दिवस तिनं सोसलं. तिसऱ्या दिवशी त्यानं भाकरीचं फडकंच भिरकावलं. "चालती हो! तुझ्या पायी माझा वेळ जातो." गेली बिचारी.

राहिली झोप. ती सगळ्यात लहान. दुपारी झाडाखाली घोंगडी अंथरून बसायची. हैबती तिला म्हणाला, "तू तर नुसती आळशी. माझ्याकडं तुझं काम नाही." ती भांडली नाही की रडली नाही. घोंगडीची घडी केली, झाडाला टेकवून ठेवली आणि निघून गेली.

मग काय विचारता! हैबतीला ना तहान, ना भूक, ना झोप. सूर्य उगवायचा तेव्हा हा तासात, मावळायचा तेव्हाही तासात. अर्धा डोंगरउतार त्यानं उलथून काढला. लोक बघायला यायचे. पण जवळ आले की मागं सरायचे. ओठ फुटलेले, डोळे तांबडे, पापणी म्हणून लवत नाही. वहिनी ताट वाढायची, तर तो म्हणायचा, "काढून ठेव. आत कुणी मागतच नाही."

आणि मग ते झालं, बाळांनो.

बैलांची नावं पवळ्या आणि चांदा. दादानं वासरं असल्यापासून वाढवलेली जोडी. वैशाखाचं ऊन. चांदानं विहिरीकडं मान वळवली. हैबतीनं आसूड ओढला. परत वळवली. परत आसूड. अरे, मुकं जनावर, ते सांगणार कसं? आणि ज्याला स्वतःला तहान लागत नाही, त्याला दुसऱ्याची तहान कशी कळावी? तिसऱ्यांदा चांदानं मान वळवली नाही. तो तासातच बसला.

हैबती धावला, विहिरीचं पाणी आणलं, तोंडाशी धरलं. चांदानं तोंड उघडलं नाही. पवळ्या नुसता त्याची मान चाटत राहिला.

हैबतीला रडायचं होतं. पण डोळ्यात पाणीच नाही, तर रडू कुठून येणार? तो परत नांगराकडं गेला, मूठ धरली आणि तिथंच पडला.

लोकांनी उचलून घरी आणलं. नांगराची मूठ हातातून सोडवली होती, पण त्याची बोटं उघडेनात. हात तसेच आवळलेले, डोळे तसेच उघडे.

वहिनीनं त्याच्याकडं पाहिलं, पदर खोचला आणि निघाली तिघींना शोधायला.

तहान सापडली गावाबाहेरच्या पाणवठ्यावर. कपाळावर खोक तशीच. वहिनी तिला बघून संतापली. "माझा धनी उन्हात पडला, तेव्हा तू कुठं होतीस ग?"

तहान म्हणाली, "तिथंच होते, बाई. ओरडत होते. त्यालाही ऐकू गेलं नाही."

वहिनी मटकन खाली बसली. मग तहान आपणहून उठली आणि म्हणाली, "चल."

भूक होती कुंभाराच्या घरी, पोरांना जेवताना बघत. ती म्हणाली, "मांडी घालून खाईल तर येते." वहिनी म्हणाली, "खाईल. मी समोर बसेन." तीही आली.

झोप मात्र लांब होती. धनगरांच्या वाड्यावर एका तान्ह्याच्या झोळीत शिरून बसली होती. ती म्हणाली, "मी बोलावून येत नसते. त्याचे हात मोकळे झाले की येईन."

वहिनी घरी आली. पहिल्यांदा चमच्या चमच्यानं पाणी. मग पातळ पेज. मग तेल कोमट केलं आणि एकेक बोट चोळत बसली. करंगळी उघडली. तिच्या शेजारचं उघडलं. ती म्हणाली, "हैबा, एक गेला माझा. शेत पडीक राहू दे. तू नको जाऊस."

तेव्हा कुठं हैबती बोलला. "वहिनी, त्या दिवशी दादाला पाणी मी न्यायचं होतं. मी गावात कुस्त्या बघत बसलो. मला उशीर झाला."

वहिनीचे हात थांबले. आता ही काय म्हणते? हैबती तिच्या तोंडाकडं बघत राहिला. तिनं पुन्हा तेलात बोटं बुडवली आणि त्याचा दुसरा हात हातात घेतला.

मग हैबती रडला. पोटात पाणी गेलं होतं ना, आता रडू आलं. रडता रडता हात सैल झाले आणि भर दुपारी त्याचा डोळा लागला. तीन दिवस झोपला. वहिनी माश्या वारत बसून होती.

त्या वर्षी दादाचं शेत पडीकच राहिलं. त्यात गवत उगवलं, ते एकट्या पवळ्यानं खाल्लं. चांदा काही परत आला नाही, आणि हैबतीच्या उजव्या हाताची दोन बोटं कधी सरळ झाली नाहीत. पण पुढं तो चार तासं झाली की नांगर थांबवायचा. आधी बैलांना पाणी, मग आपण. ऊन चढलं की जू सोडायचा, बसून जेवायचा, सावलीला पडायचा. मग त्याचं लग्न झालं, पोरंबाळं झाली. वहिनी म्हातारी होईपर्यंत त्या घरात मानानं राहिली. सगळी सुखात होती.

संपली गोष्ट. मने, पाय पोटाशी घे. रडायचं नाही, चांदा आता कुठंतरी हिरव्यात चरत असेल. डोळे मिटा बघू सगळ्यांनी.