म्हशीच्या कानातलं परीक्षण

रस्ते नव्हते आणि गाड्याही नव्हत्या, तेव्हा घाटातले लहान प्राणी मोठ्यांच्या पाठीवर बसून हिंडत. कोणाची पाठ चांगली, हे ‘खाचखळगे’ नावाच्या मासिकात गोचीडबाई लिहीत. दर महिन्याला पहिला नंबर म्हशीचा. “बैठक ऐसपैस, चाल भारदस्त, चिखलाशी जुनी ओळख.” गाढवाला मात्र दोनच शब्दांत उडवलेलं असे: “लाथ मारतं.”

ते वाचून मुंगूसरावांनी स्वतःच्या लग्नाला जायला म्हैस ठरवली. मुंडावळ्या बांधून नवरदेव निघाले. अर्ध्या वाटेत डबकं दिसलं आणि म्हैस त्यात जी बसली, ती बसलीच. मुहूर्त जवळ आला, आणि नवरदेव गळ्यापर्यंत चिखलात!

तेवढ्यात म्हशीच्या कानातून गोचीडबाई डोकावल्या.

“बाई, तुम्ही इथे?”

“इथेच राहते. जेवणखाणही इथलंच.”

“अहो, मग ही डबक्यात बसते, हे लिहिलं का नाही?”

“लिहिलंय की! चिखलाशी जुनी ओळख.”

“आणि बसली की उठत नाही, ते?”

गोचीडबाई भडकल्या. “खाल्ल्या घरचे वासे मोजू होय?”

मुंगूसराव कसेबसे बाहेर आले. बांधावर गाढव चरत होतं. त्याच्या पाठीवर बसण्याआधी त्यांनी हळूच त्याच्या कानात डोकावून पाहिलं. आत एक पिसू घाईघाईने लिहीत होती: “गाढव! यंदाचं सर्वोत्तम वाहन!”

मुंगूसरावांनी मुंडावळ्या सावरल्या, पायीच पळत सुटले, आणि मुहूर्ताच्या आधी मांडवात पोचले.