हिंदुरावचा शेवटचा पेपर

“मग तू तिथं सोडायला कुणाला गेला होतास, हिंदुराव?” साळंच्या बाईंनी इचारलं.

हिंदुराव दूध डेरीचा चेरमन मानूस. गावातनं चालला तर म्हशीसुदिक वाट देत्यात. आन् बाईंच्या सोप्यात मान खाली घालून बसलेला, हातातली पाटी फुटल्यागत.

मी कोपऱ्यात शेवग्याच्या शेंगा मोडत बसलोतो. बाईंच्या परड्यातला शेवगा मी उतरवतो, शेंगा निम्म्या निम्म्या. आता वयामानानं झाडावर चढत न्हाई, खालनं आकडीनं वडतो. निम्म्या मात्र तेवड्याच घेतो.

“कुनालाच न्हाई, बाई,” हिंदुराव म्हनला.

“तूच म्हणालास ना त्यांना, मुलगी आत आहे म्हणून?”

“ते... तोंडातनं गेलं.”

“मुलगी हुशार आहे का?”

“कुटली?”

“आत होती ती.”

हिंदुरावनं माज्याकडं बगितलं. मी शेंगंकडं बगितलं.

आता ही भानगड काय ती सांगतो.

हिंदुराव कालेजात शेवटच्या वर्साला हुता, तवा त्याचा बा गेला. गोठ्यात म्हशी वरडाय लागल्या म्हनून चार दिसांसाठी आला, तो हितंच ऱ्हायला. त्या टायमाला मिशी काळी हुती. म्हशींची पिलावळ वाढली, डेरी झाली, चेरमनकी आली, पदवी तेवडी तितंच.

मग हे मुक्त विद्यापीठ निगालं. बाईंनीच त्याला सांगितलं. रोज जायाला नको, ऐतवारी तालुक्याला वर्ग, बाकी घरात वाचायचं. मागं पास झालेलं बी धरत्यात. एका वर्साचं दोन वर्सांत केलं तरी कुनी डोळं वटारत न्हाई. मला वाटलं, आमच्या टायमाला आसं आसतं तर मी आजून तिसरीत आसतो, मजेत. तसा बी मी तिसरीत एवडा ऱ्हायलोतो की बाकडं माज्या नावावर करायची पाळी आलती. हिंदुराव मागनं आला, शेजारी बसला, फुडं गेला. मी हात हालवला.

तर हिंदुराव लागला वाचायला. धारा काडताना मोट्यानं वाचायचा. म्हशींस्नी सगळा इतिहास पाट. पानपताचा धडा चालू हुता त्या आटवड्यात तांबड्या म्हशीनं दूध चोरलं, म्हनजे काय म्हना.

आसं करत करत एकच पेपर ऱ्हायला. इतिहासाचाच.

त्या दिवशी हिंदुराव कडक इस्तरी घालून गेला. फाटकावर एक कवळं पोरगं वाचमन म्हनून हुबं. ते अगदी मानानं बोललं, “काका, पालकांनी तिकडं झाडाखाली बसा. आत फकस्त परीक्षावाली.”

हॉलतिकीट खिशात. काडायचं आन् दाखवायचं. बस.

पर मागनं एक पोरगी म्हनली, “काका, वाइच बाजूला व्हा की, उशीर हुतोय.”

आन् हिंदुराव बाजूला झाला.

झाडाखाली जाऊन बसला. कुनाचा तरी बाप, कुनाची तरी आई. एकानं भडंग फुडं केलं आन् इचारलं, “तुमचं कोन हाय आत?”

“पोरगी,” हिंदुराव म्हनला.

हिंदुरावला दोन पोरं हायत. दोगंबी मिशीवाली.

पेपर सुटस्तवर बसला. गावात येऊन स्टँडवर सांगितलं, झकास गेला. डेरीवाल्यांनी पेढं ठरवलं. बायकूनं जावयाला, आपलं ते, भावाला फोन केला. आता ह्या पेपरला पुन्ना बसायचं तर उद्यापातुर तालुक्याला जाऊन नाव घालायचं. म्हनजे गावाला कळनार. न्हाई घातलं तर... न्हाई घातलं.

हे त्यानं फकस्त बाईंस्नी सांगितलं. मला तो मोजतच न्हाई, म्हनून मला कळलं.

“मी आता सोडून देतो म्हनतो, बाई,” हिंदुराव म्हनला. “ह्या वयात काय करायचीय ती पदवी. गावाला सांगीन, नापास झालो. नापास व्हायला काय लाज न्हाई. तुमी नुसतं बरं म्हना.”

“बरं म्हणायला मी कोण?”

“तुमी न्हाई म्हनलासा तर झोप लागायची न्हाई.”

बाईंनी पदरानं चष्मा पुसला. लई येळ पुसला.

“झाडाखाली नाव विचारलं असेल ना कुणी? मुलीचं?”

“...इचारलं.”

“काय सांगितलंस?”

भाईर कोंबडी वरडाय लागली.

“काय सांगितलंस रे?”

“इंदुमती.”

माज्या हातातली शेंग मोडायची ऱ्हायली. इंदुमती म्हनजे आमच्या बाई.

“शिकल्याली बाई म्हनलं की दुसरं नावच सुचना,” हिंदुराव जमिनीला म्हनला.

बाई काय हासल्या न्हाईत. मी हासलो, ते खोकल्यात घातलं.

“मग पेपर कसा गेला म्हणे इंदुमतीला?”

“बाई, थट्टा करू नगासा.”

“थट्टा कसली. तीन तास बसली बिचारी. सोपा होता का अवघड?”

हिंदुरावचा आवाज बारीक झाला. “सुटल्यावर एका पोराकडनं प्रश्न बगितलं, बाई.”

“मग?”

“सगळं येत हुतं.”

...

मी फुडची शेंग घेतली.

मला आपली जुनी साळा आटवली. देवळामागचं पत्र्याचं छप्पर. बाई तवा शेरातनं सायकलवर यायच्या, अंबाड्यात एक फूल, हँडलला पिशवी. बाईमानूस सायकलवर बगायला बापयं कट्ट्यावर बसायचे. मी एकदा त्या सायकलची हवा सोडली. बाई काय बोलल्या न्हाईत. सांजच्याला म्हनल्या, चल, सायकल धरून चालत सोडायला ये मला, शिवंपातुर. सगळ्या वाटंनं त्यांनी मला चिंचा काडून दिल्या. दुसऱ्या दिवशी मी पुन्ना हवा सोडली. चिंचा बऱ्या हुत्या.

आन् हिंदुराव म्हशीवर बसून साळंत यायचा. बारकं, शेंबडं, पन ऐट राजाची. उतरून म्हशीला सांगायचा, थांब हितं, मी शिकून येतो. म्हस थांबायची. पत्र्यावर ऊन कडकड वाजायचं, दुधाच्या पावडरीचा वास यायचा, पाटी थुकीनं पुसायची का पानानं ह्यावर मारामाऱ्या. त्या छपराची आता ग्रामपंचायत झाली. पत्रं कुनी नेलं, देव जानं. दोन माज्या न्हानीवर हायत.

“तुला आठवतं का रे हिंदुराव,” बाई म्हनल्या, “शेवटच्या वर्षाला असताना तू सुट्टीला आलास, तेव्हा कुठलं पुस्तक आणलं होतंस मला दाखवायला?”

“आटवतं.”

“काय म्हणाला होतास?”

“म्हनलोतो, बाई, ह्यातलं कळत न्हाई निम्मं, पर वाचताना बरं वाटतंय.”

“आणि आता?”

“आता निम्म्याच्या वर कळतंय.” हिंदुरावनं नाक वडलं. “म्हनून तर जास्तीच लाज वाटतीया, बाई. काय येत नसतं तर एवडी वाटली नसती.”

मी म्हनलं, “चेरमन, मला लाज वाटंना ती म्हनून व्हय.”

“तू गप रं,” दोगंबी म्हनली.

बाई उटल्या. गुडगं धरून, भित्तीला धरून. आता बाई चाळीस पावलं चालल्या तर दोनदा बसत्यात.

“हिंदुराव, माझी चादर वाळत घातलीय, ती जरा घेऊन ये. ऊन उतरलं.”

हिंदुरावला बरंच वाटलं. काम सांगितलं की मानूस मोकळा हुतो. गेला भाईर.

बाईंनी दार लोटलं. कडी घातली न्हाई, नुसतं लोटलं. आन् दाराला हात लावून हुब्या ऱ्हायल्या. मी काय तरी इचारनार, तर बोट ओटावर.

हिंदुराव आला. “बाई, दार लागलंय.”

“कोण आहे?”

“मी.”

“मी कोण?”

“मी हिंदुराव.”

“हिंदुरावचे कोण तुम्ही? वडील? भाऊ?”

भाईर चादरीची सळसळ आयकू आली. मला फटीतनं निम्मा हिंदुराव दिसत हुता. एक डोळा, अर्दी मिशी, खांद्यावर बाईंची फुलाफुलाची चादर.

“बाई, मी हाय की,” तो बारीक आवाजात म्हनला.

“ऐकू येत नाही. कान गेले माझे.”

खोटं. बाईंस्नी परड्यात शेंग पडल्याली आयकू येती. मी चोरून एक जादा वडली तरी.

तेवड्यात गल्लीतनं आनसाबाई निगाली. डोस्क्यावर शेनाची पाटी. आनसाबाईला एक गोष्ट कळली की सांजपातुर तीन वाड्यांस्नी कळती, चौथीला सकाळी.

ती थांबली. “चेरमन, भाईर का हुबं? दार उगडंनात व्हय बाई?”

हिंदुरावनं खांद्यावरची चादर सारकी केली.

“पेपर झकास गेला म्हनं तुमचा. आमाला पेढं कवा?”

मी आतनं बगत हुतो. मला वाटलं, आता हा म्हनंल चादर द्यायला आलोय. चादर हुतीच की खांद्यावर. म्हनला आसता तर निभावलं आसतं.

बाईंनी दारावरचा हात काडला न्हाई.

“कोण आहे म्हटलं,” बाई म्हनल्या. “आणि काम काय आहे?”

...

आनसाबाईनं पाटी खाली ठेवली. म्हनजे आता ती हलत न्हाई.

हिंदुरावनं चादर खांद्यावरनं काडली, नीट घडी घातली, बगलंत धरली.

“बाई, मी हिंदुराव,” तो म्हनला. जोरात. पार देवळापातुर जावं आसं. “कुनाला सोडायला आलो न्हाई. माजाच पेपर ऱ्हायलाय. मी दिलाच न्हाई तो. भाईर बसून आलो. उद्या पुन्ना नाव घालनार हाय, आन् तोवर मला शिकायचंय.”

आनसाबाईचं त्वांड उगडं ते उगडंच.

हिंदुराव दाराकडं बगत हुबा. दार आपलं तसंच, नुसतं लोटलेलं, वाऱ्यानं वाइच हालनारं.

बाई मागं सरकल्या, हळूहळू खाटंवर जाऊन टेकल्या, चष्मा डोळ्यावर घातला.

“मग बाहेर काय करतोस?”