तोंड बांधलेली बरणी

भांडी बोलायची, त्या काळची गोष्ट. फडताळात लोणच्याची एक बरणी होती, तोंडाला घट्ट दादरा बांधलेली. शेजारचं दह्याचं गाडगं बघून तिचं नाक सदा मुरडलेलं.

“आली शेजारीण वाटी घेऊन, की दे विरजण. असं वाटत सुटलंस तर उरशील काय? मी बघ, वर्षानुवर्षं तशीच आहे.”

एके दुपारी मांजराने गाडगं पाडलं. दही सांडलं, खापऱ्या झाल्या.

“बुडाला वंश,” बरणी समाधानाने म्हणाली.

तिन्हीसांजेला मालकीण शेजारणीकडून विरजण मागून घेऊन आली. सकाळी नव्या गाडग्यात तेच दही घट्ट लागलं होतं.

“परत आलंस होय?” बरणीने तुसडेपणाने विचारलं.

“चार घरी मुक्काम होता,” दही म्हणालं. “बाई, तू फुटलीस तर तुला कुणाच्या घरून आणायची?”

तोंड बांधलेलं असूनही एवढं बोलणारी ती बरणी तेव्हापासून गप्प आहे.