नोंद नसलेली वाट

एका राज्यात, म्हणजे बुटासारख्या दिसणाऱ्या इटली देशात टाचेच्या जरा वर, डोंगर नि दर्या यांच्या चिमटीत बसलेल्या राज्यात, माणसं मूठभर आणि कचेऱ्या पोतंभर होत्या. गावं एकशे छत्तीस, प्रत्येकाचा शिक्का निराळा. एवढ्याशा मुलखाचे प्रांतही दोन! राजधानी कुणाची यावर शंभर वर्षं भांडून शेवटी राजवाडा बरोबर हद्दीवर बांधला. राजा जेवायचा डोंगरप्रांतात, झोपायचा दर्याप्रांतात. आता काय बोलावं?

एकदा एक जादूगार मुलूख ओलांडण्याचा परवाना मागायला आला. त्याला तीन वर्षं या दारातून त्या दारात नाचवलं. तो संतापून म्हणाला, "तुमच्या दप्तरात नोंदलेला प्रत्येक रस्ता निघाल्या जागी परत येईल. दोन्ही सुभेदार आणि राजा, तिघांचे शिक्के एका कागदावर एकदम उमटतील, तेव्हाच शाप सुटेल."

तसंच झालं. ओर्सोला धनगरीण तीनशे मेंढरांसह डोंगरावर अडकली. बर्फापूर्वी दर्याकाठचं कुरण गाठलं नाही, तर एकही जनावर वाचणार नव्हतं. तिच्या बोलक्या कावळ्याने शिक्क्यांसाठी चोचीत कागद धरून तीन खेपा केल्या.

डोंगरचा सुभेदार म्हणाला, "आधी दर्याचा शिक्का."

दर्याचा म्हणाला, "आधी राजाचा."

राजा म्हणाला, "आधी डोंगरचा."

कावळा वैतागून परतला. "बाई, ही माणसं सुधारायची नाहीत. पण दप्तर चाळून आलोय. मेंढरांची गवतवाट त्यात नाही. तिचं गवत कुणी कापायचं, या भांडणात नोंदच राहून गेली."

मग त्या वाटेला शाप कसा लागेल? ओर्सोलाने कळप वाटेवर घातला. तिथली चाल जुनी होती, राजाही ती मोडत नसे: कळप आला की सुभेदाराने पुढच्या एडक्याची घंटा हाती धरून हद्दीपर्यंत चालायचं आणि पलीकडच्या सुभेदाराच्या हाती द्यायची. डोंगरचा सुभेदार कुरकुरत चालला. दर्याचा त्याच गवतवाटेने वर आला. हद्दीवर राजवाडा होताच. घंटा ऐकून राजाही बाहेर आला.

ओर्सोलाने एडक्याच्या पाठीवर कागद पसरला. "महाराज, शिक्के."

"आधी त्यांचा," तिघेही म्हणाले.

एडक्याच्या शिंगावर बर्फाचा पहिला कण पडला. ओर्सोलाचा संयम सुटला. "मेंढरं मेली, तर कोणत्या प्रांतात मेली यावरही भांडाल! मी तीन म्हणताच तिघांनी एकदम उमटवा. एक, दोन, तीन!"

तिघांनी खाली मान घालून शिक्के मारले. त्या क्षणी मुलखातले सारे रस्ते सरळ झाले. तिसऱ्या दिवशी तीनशेच्या तीनशे मेंढरं दर्याकाठी चरू लागली.

राजाने हुकूम सोडला, गवतवाटेची नोंद ताबडतोब व्हावी. ती कोणत्या प्रांताच्या कारकुनाने लिहावी, यावर लगेच भांडण जुंपलं.

"जाऊन मिटवू का?" कावळ्याने विचारलं.

"खबरदार," ओर्सोला म्हणाली. "भांडू दे त्यांना."