निशाणावरून उडालेले गरुड

एक होता राजा. आपल्याकडचा नव्हे, बरे का. दूर उत्तरेला जर्मनांच्या थंड मुलुखात आडलरहाइम नावाचे त्याचे लहानसे राज्य होते. त्या मुलुखात असे राजे पुष्कळ होते. आपली गोष्ट या एकाचीच.

या राजाच्या निशाणावर काळा गरुड असे. जहाजांच्या निशाणावर गरुड, पलटणींच्या निशाणावर गरुड, आणि राजाच्या स्वतःच्या झग्यावर, अगदी पाठभर, सर्वांत मोठा गरुड. राज्याचा दंडकच होता तसा. जिथे गरुड, तिथे राजाची आज्ञा. गरुड नाही, तर आज्ञाही नाही.

झग्यावरचा गरुड जुना होता; बाकीचे सगळे एकच बाई भरीत असे. तिचे नाव ओटिली. भरतकामात तिचा हात धरणारे त्या राज्यात कोणी नव्हते. आधी पंख, मग चोच, मग नख्या आणि डोळा सर्वांत शेवटी, ही तिच्या घराण्याची रीत.

मग काय झाले, लढाई लागली. राजाने सांगितले की, पाने गळण्यापूर्वी सगळे घरी येतील. पाने गळली. पुन्हा फुटली, पुन्हा गळली. अशी चार वर्षे गेली. ओटिलीचा एकुलता एक मुलगा लोरेंझ, तोही लढाईवर गेला होता. पहिल्या वर्षी त्याची पत्रे येत. दुसऱ्या वर्षी एकच आले. मग तेही नाही.

देशात बटाटे संपले. लोक सलगम उकडून खाऊ लागले. निशाणे फाटली, म्हणून राजाने नवी मागवली. पण रेशीम कुठेच मिळेना. पंखांना काळी लोकर चालून गेली. डोळ्याला मात्र बारीक, चकचकीत धागा हवा. तो ओटिलीने कुठून आणला, हे तिने कोणाला सांगितले नाही.

नवी निशाणे गेली आणि आठ दिवसांत नवल घडले. जहाजांना शेवटच्या लढाईचा हुकूम सुटला होता. खलाशांनी वर पाहिले, तर निशाण कोरे. गरुड पंख हलवीत किनाऱ्याकडे चाललेला. खलाशी एकमेकांना म्हणाले की, गरुड नाही, तर हुकूम कोणाचा? त्यांनी जहाजांच्या भट्ट्या विझवल्या आणि घरची वाट धरली.

मग पलटणींचे गरुड उडाले. शिपायांनी बंदुका उलट्या खांद्यावर टाकल्या आणि तेही निघाले. मग भर दुपारी राजवाड्याच्या मनोऱ्यावरचा गरुड गेला. पहारेकरी थोडा वेळ घुटमळले, एकमेकांकडे पाहू लागले आणि जेवायला निघून गेले.

आता उरला एकच, राजाच्या पाठीवरचा.

ओटिलीला बोलावणे आले. प्रधान तर चेटकीण, चेटकीण म्हणून तिच्या अंगावर धावूनच आला. राजाने त्याला मागे सारले. राजाला राग आला नव्हता, बरे का. त्याला कुतूहल वाटत होते. त्याने विचारले, "बाई, माझे गरुड कुठं गेले?"

ओटिली म्हणाली, "ठाऊक नाही, महाराज. डोळ्यांना रेशीम नव्हतं, तेव्हा मी माझे केस वापरले. ते गरुड माझ्या लोरेंझला शोधायला गेले असावेत."

प्रधानाने तोड काढली. म्हणाला की, हिने उद्यापर्यंत नवे गरुड भरावेत, बिनडोळ्यांचे. ते गुमान बसतील आणि लढाई पुढे चालेल. नाही भरले, तर हिचा मुलगा सापडला तरी त्याला पुन्हा आघाडीवर धाडू.

भरावेत तर लढाई संपत नाही, न भरावेत तर मुलगा जातो. पण हातातली सुई ओटिलीने खाली ठेवली. "आमच्या घरात आंधळं पाखरू भरत नाहीत," ती म्हणाली.

राजा आपलाच विचार करीत होता. "आणि माझा का नाही उडाला?"

"तो माझ्या आईनं रेशमानं भरलाय, महाराज. त्याला कोणाचीच वाट पाहायची नाही."

राजाने लढाई नकाशावरच पाहिली होती, तीही रंगीत टाचण्यांची. मग त्याने झगा उतरवून तिच्यापुढे पसरला आणि म्हणाला, "यालाही तसाच डोळा भर." प्रधानाने हात जोडले, हा उडाला तर राज्य गेले म्हणून विनवले. राजा म्हणाला, "बघू तरी."

ओटिलीने एक केस उपटला. तो पांढरा निघाला. तिने तोच सुईत ओवला आणि डोळा भरला. गरुडाने मान वळवली, अंग झाडले, टाके तटातट तुटले आणि तो खिडकीतून बाहेर पडला. मग त्याच्यामागे राजा धावला आणि राजाच्या मागे ओटिली.

मोठ्या रस्त्यावर माणसेच माणसे. हजारो शिपाई पायी येत होते, हडकलेले, धुळीने माखलेले. वर आभाळात गरुड घिरट्या घालीत होते. राजाने एकाला हटकले, कुठे चाललास म्हणून. तो म्हणाला, घरी. राजाने विचारले, "राजाची परवानगी आहे का?"

"राजा कुठला आता, आजोबा? सरका, वाटेत उभे आहात."

राजा मुकाट्याने सरकला.

ओटिली एकेक तोंड पाहत होती. हा नव्हे, तोही नव्हे. इतक्यात राजाच्या झग्यावरचा मोठा गरुड खाली आला आणि एका दाढीवाल्याच्या खांद्यावर बसला. ओटिलीने त्याला ओळखलेच नव्हते. ती त्याच्या जवळून पुढे गेली होती. दाढीवाल्याने तिचा पदर नव्हे, तिकडे पदर नसतो, तिची बाही धरली आणि म्हणाला, "आई, इतकी कशी म्हातारी झालीस गं?"

मग सगळे गरुड एकदम डोंगरांकडे उडाले. परत काही आले नाहीत.

राजा आगगाडीत बसून शेजारच्या देशात गेला. त्याच दिवसांत त्या मुलुखातले बाकीचे राजेही एकामागून एक सिंहासनावरून उतरले. आडलरहाइमचे लोक कारभार ठरवायला जमले, तेव्हा आधी कोणी बोलायचे याचाच वाद तीन दिवस चालला. पण चौथ्या दिवशी ठरले की, आता राजा नको, कारभार आपणच मिळून करायचा. ज्यांची मुले परतली नाहीत, त्यांच्या दारी ओटिली रोज जाऊन बसे, आणि लोरेंझ त्यांची लाकडे फोडून देई. असे ते लोक एकमेकांना धरून राहिले आणि पुढे सुखी झाले.

आता ते गरुड कुठे असतील, हे मला विचारू नका. मलाही ते अजून कळलेले नाही. पांघरूण गळ्यापर्यंत ओढा आणि डोळे मिटा. बाकीचे उद्या उजेडात विचारा.